लेन्स निवडणं म्हणजे अंतर ठरवणं

शंभरेक वर्षांपूर्वीचा एक फोटो तुम्ही कधीतरी पाहिला असेल. झाक-आंरी लार्तीग या फ्रेंच पोरानं १९१२-१३च्या सुमारास, विशीच्या आत असताना, रेसच्या मोटारीचा काढलेला. मोटारीचं चाक अंड्यासारखं लांबट होऊन पुढे झुकलंय आणि रस्त्याकडेची माणसं, खांब मागे कललेत. त्याच्या कॅमेऱ्यातला शटर म्हणजे काचेच्या प्लेटवरून सरकणारी एक फट होती. चित्र एकदम न उमटता पट्ट्यापट्ट्यानं उमटायचं आणि तेवढ्यात गाडी पुढे निघून जायची. धावत्या एसटीच्या खिडकीतून मोबाइलवर विजेचे खांब टिपले की ते तिरके येतात, त्याचंही कारण हेच. मोबाइलचा सेन्सरही चित्र ओळीओळीनं वाचतो.

मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. घर जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यात, अंतरवाली सराटीच्या बाजूला. तिथे माझा चुलतभाऊ पांदणीच्या धुळीतून आणि मोसंबीच्या बागेतून बाईक उडवत असतो. ‘दादा, एक भारी फोटो काढ ना,’ हे त्याचं कायमचं मागणं. त्यासाठी कोणती लेन्स घ्यावी हे शोधता शोधता मी इतिहासात शिरलो.

हा मुलूख तेव्हा निजामाचा. सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी शिकारीच्या मोहिमांचे भरपूर फोटो काढले. १९०२ सालचा त्यांचा प्रसिद्ध फोटो लॉर्ड आणि लेडी कर्झन यांचा आहे, पुढ्यात मारलेला वाघ. वाघ मेलेला, माणसं स्तब्ध. झाडीतून पळता वाघ त्या काळच्या साहित्यानं धरणं फार अवघड होतं. झाडाखाली उजेड कमी, कमी उजेडाला जास्त वेळ हवा, आणि पळणारी गोष्ट तो वेळ देत नाही.

मोटरसायकलींनी रस्ता सोडला तेव्हाही हीच अडचण आली. २९ मार्च १९२४ला इंग्लंडमध्ये सरे परगण्यातल्या कॅम्बर्लीला माळावर आणि झाडीत ‘स्क्रॅम्बल’ नावाची शर्यत झाली. आजच्या मोटोक्रॉसची ती सुरुवात मानतात. लांबचं जवळ दाखवणारी टेलिफोटो लेन्स १८९१पासून होती, पण ती उजेडाची भुकेली. १९५९मध्ये फोक्टलेंडरची झूमार आली, ३५ मिमी स्थिरचित्र कॅमेऱ्यासाठीची पहिली झूम लेन्स. १९८५मध्ये मिनोल्टा ७०००नं ऑटोफोकस कॅमेऱ्याच्या आतच बसवला. प्रत्येक शोधानं फोटोग्राफरला थोडं आणखी मागे उभं राहण्याची सोय करून दिली.

ही सोय उघड्या मैदानात फार कामाची आहे. २८ जानेवारी २०२४ला पुण्यात बालेवाडीच्या क्रीडा संकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली शर्यत झाली. अशा ठिकाणी कुंपणाबाहेरून ७०-२०० किंवा त्याहून लांब लेन्स लागतेच. पण झाडीत पंधरा-वीस मीटरच्या पुढे खोडं आडवी येतात. तिथे ३०० मिमीची लेन्स नेली तर खोडाचाच सुंदर फोटो मिळतो.

आता हिशोब करू. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. १/१००० सेकंदात बाईक १ सेंटीमीटर सरकते, १/१२५ मध्ये ८ सेंटीमीटर. म्हणजे हवेतली बाईक गोठवायची तर १/१००० हवं. दाट सावलीत उन्हाच्या चौसष्टाव्या भागाइतकाच उजेड उरला असं धरा. एफ २.८ला आयएसओ साधारण १६०० लागेल; एफ ५.६च्या स्वस्त झूमला चौपट, म्हणजे ६४००. म्हणून माझ्यासारख्या पगारदारानं महागडी झूम सोडून ८५ मिमी एफ १.८ घ्यावी. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर १५ मीटरवरून बाईक आणि स्वार मिळून फ्रेमची अर्धी उंची भरतात. सोबत ३५ मिमी असली तर चार मीटरवरून तीन-चतुर्थांश भरते. एवढ्या जवळ जायचं तर वळणाच्या आतल्या बाजूला, जाड खोडाआड उभं राहायचं. बाईक घसरली की बाहेरच्या बाजूला जाते. आणि स्वाराला आपण कुठे आहोत हे आधी सांगायचं.

मोबाइलच का नको? ८५ एफ १.८चं छिद्र जवळपास ४७ मिमी रुंद असतं; मोबाइलच्या मुख्य लेन्सचं चारेक मिमी. पण धूळ उडवत समोरून जाणारी बाईक मोबाइल सोबत फिरवत टिपली, तर मागची झाडं रेघा होतात आणि वेग दिसतो.

खरी गोष्ट मात्र उजेडापलीकडची आहे. मोसंबीची झाडं साधारण सहा मीटरवर असतात. साठ मीटरवरून पाहिलं तर पुढचं आणि मागचं झाड जवळपास सारखं, एकमेकांना चिकटलेलं दिसतं. सहा मीटरवरून पुढचं झाड मागच्याच्या दुप्पट दिसतं आणि मधली मोकळी जागा कळते. लोक म्हणतात, लांब लेन्स अंतर दाबते. खरंतर लेन्स फक्त कापून मोठं करते. अंतर दाबतात आपले पाय.

अंतरवाली सराटी हे नाव २०२३च्या सप्टेंबरात मराठा आरक्षणाच्या उपोषणामुळे आणि तिथल्या लाठीमारामुळे घराघरात पोचलं. ऑफिसात आजही कुणी गावाचं नाव विचारलं की समोरच्याच्या डोळ्यासमोर गर्दी येते. लांबून किंवा वरून घेतलेल्या फोटोत गर्दी अशीच दिसते, डोक्याला डोकं चिकटलेली. गर्दी खरी होती, फोटोही खोटे नव्हते. पण तेवढ्या लांबून त्यातल्या कुणाला ओळखता येत नाही, आणि त्या गावात राहणाऱ्याला मोसंबीच्या पाण्याची चिंता असते, बाईकच्या क्लचची असते, हेही दिसत नाही.

म्हणून भावाच्या फोटोसाठी मी ३५ मिमी लावतो. चार मीटरवरून त्याचे दात दिसतात, हेल्मेटवरची धूळ दिसते, मागे दोन झाडांमधली मोकळी जागाही दिसते.