हावडा स्थानक : एका नावाखालील दोन स्थानके

मुंबई, पुणे किंवा नागपूरहून कोलकात्याला निघालेल्या प्रवाशाचा रेल्वेप्रवास बहुधा कोलकात्यात संपत नाही. तो हुगळी नदीच्या अलीकडच्या, म्हणजे पश्चिम तीरावर, हावडा शहरात संपतो. कोलकाता पलीकडच्या तीरावर आहे. देशातील सर्वांत जुन्या आणि सर्वाधिक वर्दळीच्या स्थानकांपैकी एक असलेल्या हावडा स्थानकात पहिल्यांदा येणाऱ्याची त्रेधा उडते ती केवळ गर्दीमुळे नव्हे. एकाच नावाखाली येथे दोन संकुले आहेत आणि महानगरात हावड्याखेरीज आणखी चार मोठी स्थानके आहेत. गाडी कोणत्या स्थानकात येते, कोणत्या संकुलातून सुटते आणि नदी कशी ओलांडायची, या तीन प्रश्नांची उत्तरे आधीच ठाऊक असली, तर येथील प्रवास सोपा होतो. ती ठाऊक नसल्याने हाती तिकीट असूनही गाडी चुकण्याचा धोका असतो.

आधी तिकिटावरील नाव पाहावे

कोलकाता महानगरात लांब पल्ल्याच्या गाड्या प्रामुख्याने पाच स्थानकांतून सुटतात. हावडा, शालिमार आणि सांत्रागाछी ही तीन स्थानके नदीच्या पश्चिम तीरावर, तर सियालदह आणि कोलकाता ही दोन पूर्व तीरावर आहेत. ‘कोलकाता’ या नावाचे स्थानक शहरातील मुख्य स्थानक नाही, हे विशेष लक्षात ठेवावे. चितपूर भागातील हे स्थानक २००६ मध्ये सुरू झाले.

महाराष्ट्रातून येणाऱ्या सर्व गाड्याही हावड्याला जात नाहीत. गीतांजली एक्स्प्रेस आणि मुंबई मेल हावड्याच्या आहेत. पण लोकमान्य टिळक टर्मिनसहून सुटणाऱ्या ज्ञानेश्वरी आणि समरसता एक्स्प्रेस शालिमारला जातात, तर पुण्याहून निघणारी हमसफर एक्स्प्रेस सांत्रागाछीला पोहोचते. स्थानकातील कामांमुळे काही गाड्यांचे अंतिम स्थानक अधूनमधून बदलले जाते. त्यामुळे जुन्या अनुभवावर विसंबून न राहता तिकिटावरील स्थानकाचे नाव आणि प्रवासाच्या आदल्या दिवशी गाडीची सद्यःस्थिती पाहणे हिताचे ठरते.

दोन संकुले, दोन रेल्वे

हावड्याच्या रचनेचे कोडे इतिहासात उलगडते. बोरीबंदर ते ठाणे ही देशातील पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. त्यानंतर १६ महिन्यांनी, १५ ऑगस्ट १८५४ रोजी, ईस्ट इंडियन रेल्वेची पहिली प्रवासी गाडी हावड्याहून हुगळीकडे निघाली. पुढे हा मार्ग उत्तर भारताकडे वाढत गेला आणि १८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबईशी जोडला गेला. बंगाल नागपूर रेल्वेचा नागपूरमार्गे येणारा दुसरा मार्ग १९०० च्या सुमारास हावड्यापर्यंत पोहोचला. या दोन कंपन्यांचा वारसा आज अनुक्रमे पूर्व रेल्वे आणि दक्षिण पूर्व रेल्वे यांच्याकडे आहे.

वास्तुविशारद हॅल्सी रिकार्डो यांनी आराखडा केलेली लाल विटांची भव्य इमारत १९०५ मध्ये खुली झाली. ती आजच्या जुन्या संकुलाचा दर्शनी भाग आहे. या संकुलातून मुख्यतः पूर्व रेल्वेच्या, म्हणजे दिल्ली, पाटणा, वाराणसी, बोलपूर या दिशांच्या गाड्या सुटतात. दक्षिणेला लागूनच नवे संकुल आहे आणि तेथील फलाटांचे क्रमांक १७ पासून सुरू होतात. खडगपूरमार्गे जाणाऱ्या दक्षिण पूर्व रेल्वेच्या, म्हणजे नागपूर, मुंबई, भुवनेश्वर, चेन्नई या दिशांच्या गाड्या साधारणपणे येथून सुटतात.

मराठी प्रवाशांचा सर्वाधिक गोंधळ होऊ शकतो तो मुंबई मेलच्या बाबतीत, कारण या नावाच्या गाड्या दोन आहेत. हावड्याहून निघणारी १२८१० क्रमांकाची मेल नागपूरमार्गे जाते आणि ती दक्षिण पूर्व रेल्वेची आहे. १२३२१ क्रमांकाची मेल गया, प्रयागराज, जबलपूरमार्गे जाते आणि ती पूर्व रेल्वेची आहे. दोन्ही गाड्या मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसलाच पोहोचतात, मात्र हावड्यात त्यांची संकुले सहसा वेगळी असतात. म्हणून चौकशी करताना गाडीचे नाव नव्हे, क्रमांक सांगावा. संकुलाची ही विभागणी नेहमीची असली तरी अटळ नाही. अंतिम शब्द सूचनाफलकाचा आणि उद्घोषणेचा. उद्घोषणा बंगाली, हिंदी आणि इंग्रजीत होतात.

मुंबई–हावडा मार्गावरील गीतांजली एक्स्प्रेसचे महाराष्ट्राशी आणखी एक नाते आहे. कोकणातील राजापूर मतदारसंघाचे प्रतिनिधित्व करणारे मधू दंडवते रेल्वेमंत्री असताना, १९७७ मध्ये, ही गाडी वर्गविरहित गाडी म्हणून सुरू झाली. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गाद्या आल्या, त्याही त्यांच्याच कार्यकाळात.

उतरल्यावर आणि गाडी पकडताना

हावडा हे अखेरचे स्थानक असल्याने रूळ येथेच संपतात. याचा मोठा लाभ म्हणजे फलाटावर जाण्यासाठी पादचारी पूल चढावा लागत नाही. ज्येष्ठ नागरिक आणि चाकाच्या खुर्चीवरील प्रवाशांना सपाट वाटेने डब्यापर्यंत जाता येते. गैरसोय अशी, की बाहेर पडण्याची वाट फलाटाच्या एकाच टोकाला असते. २२ ते २४ डब्यांची गाडी अर्ध्या किलोमीटरहून लांब असते. आपला डबा दूरच्या टोकाला असेल, तर तेवढे अंतर सामानासह चालण्याची तयारी ठेवावी.

वाहनाने येणाऱ्यांसाठी दोन्ही संकुलांत फलाटांच्या लगत मोटारी नेणारे रस्ते आहेत. जुन्या संकुलात असा रस्ता ८ आणि ९ क्रमांकाच्या फलाटांदरम्यान, तर नव्या संकुलात २१ आणि २२ क्रमांकाच्या फलाटांदरम्यान आहे. टॅक्सीचालकाला केवळ ‘हावडा स्टेशन’ न सांगता ‘ओल्ड कॉम्प्लेक्स’ किंवा ‘न्यू कॉम्प्लेक्स’ असे सांगावे. स्थानिक बोलण्यात हेच शब्द रूढ आहेत. चुकीच्या संकुलात उतरल्यास पायी दुसरीकडे जाता येते, मात्र गर्दीतून सामान नेताना १० ते १५ मिनिटे हाताशी असावीत.

सोबत्यांशी चुकामूक झाल्यास भेटण्याची सर्वमान्य जागा म्हणजे जुन्या संकुलातील दोन तबकड्यांचे मोठे घड्याळ. ‘मोठ्या घड्याळाखाली भेटू’ असे सांगण्याची रीत कोलकातावासीयांच्या अनेक पिढ्यांनी जपली आहे. गटाने येणाऱ्यांनी गाडीतून उतरण्यापूर्वीच ही जागा ठरवून ठेवावी.

नदी ओलांडण्याच्या वाटा

स्थानकासमोर हुगळीवरील हावडा पूल उभा आहे. १८७४ पासून येथे तरंगता पूल होता. त्याच्या जागी उभारलेला आजचा पोलादी पूल १९४३ मध्ये वाहतुकीला खुला झाला आणि १९६५ मध्ये त्याला रवींद्र सेतू हे नाव देण्यात आले. सुमारे ७०५ मीटर लांबीच्या या पुलाला नदीच्या पात्रात एकही खांब नाही. सामान थोडे असल्यास पूल पायी ओलांडता येतो. सकाळ-संध्याकाळच्या कोंडीत मात्र बस किंवा टॅक्सीला किती वेळ लागेल, याचा भरवसा नसतो.

दुसरा मार्ग जलवाहतुकीचा. भुयारी पादचारी मार्गाने स्थानकासमोरील फेरी घाटावर जाता येते. तेथून बाबूघाट, शोभाबाजार, बागबाजार आदी घाटांकडे बोटी सुटतात. भाडे अल्प असते आणि रस्त्यावरील कोंडी टळते.

मार्च २०२४ पासून मेट्रोचा तिसरा मार्ग उपलब्ध झाला. हावडा मेट्रो स्थानक जमिनीखाली ३० मीटरहून अधिक खोल आहे. नदीखालील सुमारे ५२० मीटरचा बोगदा मेट्रो पाऊण मिनिटात पार करते. एस्प्लनेड येथे गाडी बदलून कालीघाट किंवा दक्षिणेश्वरकडे जाता येते. नोआपाडा येथे पुन्हा गाडी बदलल्यास विमानतळही गाठता येतो.

पुढची गाडी सियालदहहून असल्यास

दार्जिलिंगसाठी न्यू जलपाईगुडीकडे जाणारी दार्जिलिंग मेल सियालदहहून सुटते. गंगासागरच्या यात्रेकरूंना काकद्वीप आणि नामखान्याकडे नेणाऱ्या लोकलगाड्याही तेथूनच निघतात. हावडा आणि सियालदहदरम्यान रस्त्याने जाताना शहरातील सर्वाधिक गजबजलेला भाग ओलांडावा लागतो. ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोचा एस्प्लनेड–सियालदह टप्पा सुरू झाल्यानंतर हे अंतर सुमारे १२ मिनिटांवर आले. मात्र मेट्रो पहाटे आणि रात्री उशिरा धावत नाही. अशा वेळी स्थानकाबाहेरील प्रीपेड केंद्रातून टॅक्सी घ्यावी आणि पावती प्रवास संपेपर्यंत जपावी.

मेट्रो असली तरी दोन गाड्यांमध्ये पुरेसे अंतर ठेवणे आवश्यक आहे. सुमारे दोन हजार किलोमीटर धावून आलेल्या गाडीला काही तासांचा उशीर होणे अनपेक्षित नसते. दुसऱ्या गाडीचे तिकीट स्वतंत्र पीएनआरवर काढले असेल, तर पहिलीच्या उशिरामुळे ती चुकल्यास भरपाईची आशा धरता येत नाही. दुर्गापूजा, छठ आणि जानेवारीतील गंगासागर मेळ्याच्या काळात हे अंतर आणखी वाढवावे.

सामान, विश्रांती आणि मदत

मधल्या काही तासांसाठी सामान ठेवायचे असल्यास स्थानकात सामानघर आहे. तेथे कुलूपबंद सामानच स्वीकारले जाते आणि प्रवासाचे वैध तिकीट दाखवावे लागते. विश्रांतीकक्षाचे आरक्षण पीएनआरच्या आधारे ऑनलाइन करता येते. सणासुदीत ते आधीच करणे श्रेयस्कर. हमालाच्या दंडावरील बिल्ला पाहून, दर ठरवूनच सामान सोपवावे. चौकशी, तक्रार किंवा तातडीच्या मदतीसाठी देशभर १३९ हा एकच क्रमांक आहे.

हाताशी दोन-तीन तास मोकळे असल्यास नव्या संकुलाजवळील रेल्वे संग्रहालय पाहण्याजोगे आहे. परतीच्या दिवशी मात्र स्थानकाचे नाव, गाडीचा क्रमांक आणि संकुल या तीन गोष्टी निवासस्थानातून निघण्यापूर्वीच पडताळाव्यात. गाडी शालिमारहून असल्याचे हावड्याला पोहोचल्यावर कळले, तर उरलेले काही किलोमीटर कोंडीतून वेळेत कापणे अनेकदा शक्य होत नाही.