किल्ला गेला, मिरची राहिली

मिरची आपल्याला आपलीच वाटते, पण ती मूळची अमेरिका खंडातली. त्याआधी आपल्याकडे तिखट म्हणजे मिरी, पिंपळी नाहीतर आलं. मिरचीचं बी पश्चिम किनाऱ्यावर आणलं पोर्तुगीजांनी. १५३४ मध्ये वसई त्यांच्या हाती गेली, १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. पोर्तुगीज गेले, मिरची मात्र इथलीच झाली. आज वसईचा बाटली मसाला तिच्याशिवाय होतच नाही.

ती टिकली का? मिरीच्या वेलाला आधाराचं झाड लागतं, फळ धरायला तीनेक वर्षं जातात. मिरचीचं रोप अंगणात होतं, चार महिन्यांत तोडा देतं आणि पुढच्या सालचं बीसुद्धा. विकतचं तिखट गरिबाच्या दारात आलं ते असं.

आता आपण हायब्रीड रोपांचे ट्रे आणतो. उत्पन्न मिळतं, पण त्याच बियाण्याची पुढची पिढी एकसारखी येत नाही. म्हणून एक वाफा गावरान मिरचीचा ठेवा. निरोगी झाडाच्या कळ्यांना मलमलची पिशवी बांधा, म्हणजे परागांची भेसळ होत नाही. फळ लालभडक पिकलं की बी सावलीत सुकवा. गादीवाफ्यावर पेरा, ३५-४० दिवसांत रोपं लागवडीला तयार. बी घरात असलं की दरसाल बियाण्यासाठी दुकानाकडे बघावं लागत नाही.