घरचा संघ

मंडळी, गेल्या आठवड्यात पुतण्या घरी आला होता. इथे दाभोळात तो पोरांना कबड्डी शिकवतो. आता पुण्याच्या एका क्लबचं बोलावणं आलंय, मानधनही दुप्पट. "काका, जाऊ का? की गावाशी बेइमानी होईल?" जन्मभर खडू हातात धरलेला माणूस मी. उत्तर देण्याआधी इतिहासात शिरायची खोड!

मला आठवले गोव्याचे आर्मांदो कुलासो. फुटबॉलमधलं मला फारसं कळत नाही, पण या माणसाबद्दल पेपरात बरीच वर्षं वाचत आलोय. २००० साली ते डेम्पो क्लबचे प्रशिक्षक झाले. आपल्याकडे फुटबॉलची पंढरी म्हणजे कोलकाता. हे मात्र घरच्या संघापाशीच राहिले. २००४-०५ मध्ये डेम्पोने पहिल्यांदा राष्ट्रीय लीग जिंकली. मग २००६-०७, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२. एकूण पाच विजेतेपदं! घरी राहणाऱ्याला महत्त्वाकांक्षा नसते, असं कोण म्हणेल?

२०११ साली ते भारतीय संघाचेही प्रशिक्षक झाले. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत संयुक्त अरब अमिरातीने आपल्याला हरवलं आणि ती जबाबदारी काही महिन्यांतच संपली. पण त्याच हंगामात डेम्पो पुन्हा अजिंक्य!

पुढे २०१३ मध्ये, तेरा वर्षांनी, त्यांनी डेम्पो सोडला आणि त्याच वर्षी कोलकात्याच्या ईस्ट बंगालची सूत्रं घेतली. तो संघ त्या हंगामात दुसरा आला. २०१५ च्या फेब्रुवारीत तेही संपलं. इकडे डेम्पो २०१४-१५ मध्ये खालच्या श्रेणीत घसरला, वर आला आणि २०१६ मध्ये क्लबनेच आय-लीगमधून अंग काढून घेतलं. म्हणजे बघा, माणूस थांबला तरी घर तसंच राहील याची हमी कोणी द्यावी? कुलासोंना मात्र २०२४ चा द्रोणाचार्य जीवनगौरव पुरस्कार मिळाला. मधे कोलकात्याला गेले म्हणून कोणी त्यांना गोव्याचे नाहीत असं म्हटलं नाही.

दुसरं उदाहरण आमच्याच दापोली तालुक्यातलं. मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले. सरकारी नोकरीत मोठा पगार सहज मिळाला असता. पण विलायतेला जाण्याआधीच त्यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीला आजीव सदस्य होण्याचा शब्द दिला होता. ते परतले आणि तुटपुंज्या पगारावर फर्ग्युसनमध्ये शिकवू लागले. गाव त्यांनी सोडलंच होतं, शब्द मात्र सोडला नाही.

मला वाटतं निष्ठा म्हणजे एका जागी बसून राहणं नव्हे. दिलेला शब्द पुरा करणं आणि हातातलं काम अर्धवट न टाकणं, एवढीच ती.

म्हणून पुतण्याला विचारलं, "पोरांना काय कबूल केलं आहेस?" म्हणाला, "या वर्षीच्या जिल्हा स्पर्धेपर्यंत आहे असं सांगितलंय." "मग तेवढं कर. तोवर मोठ्या पोरांतला एखादा तयार कर, जो तुझ्यामागे लहानांना शिकवील. आणि मग खुशाल जा."

तो काहीच बोलला नाही. चहा संपवून थेट मैदानावर गेला. पोरं वाट बघत होती.

असो. तुमच्या घरात असा प्रश्न आला असेल, तर जरूर कळवा.