आमचा पी.पी. नंबर

सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी "जुन्या काळाबद्दल काहीतरी लिहा" असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. बांधकाम, पाणी, रस्ता यावर इतर जण लिहीत आहेतच. मी टेलिफोनबद्दल लिहितो.

सोसायटी नवी होती तेव्हा बेंबळीत आपल्या ओळीत फोन एकच होता, आमच्याकडे. त्याच सुमारास, १ ऑक्टोबर २००० रोजी, दूरसंचार खात्याची बीएसएनएल झाली. त्याआधीची मोठी क्रांती सी-डॉटची. १९८४ साली स्थापन झालेल्या या संस्थेने वातानुकूलनाशिवाय चालणारी ग्रामीण एक्स्चेंज तयार केली आणि खेड्यापाड्यांत ट्रंक कॉलची वाट बघणं संपलं.

आमचा नंबर सगळ्यांचा पी.पी. नंबर होता. लग्नपत्रिकेवर, नोकरीच्या अर्जावर, मुलांच्या शाळेत, सगळीकडे तोच. फोन आला की आमची धाकटी धावत जाऊन त्या घरी हाक मारायची.

इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजमुळे फोनवर जादा सुविधा मिळू लागल्या. बोलताना दुसरा फोन आला तर 'टुक टुक' ऐकू येई, तो कॉल वेटिंग. तिघांनी एकत्र बोलणं, ती कॉन्फरन्स. आणि आपला फोन दुसऱ्या नंबरावर वळवणं, म्हणजे कॉल फॉरवर्डिंग. बँकेत आयुष्य गेल्यामुळे सुविधा मिळाली की तिचा पुरेपूर वापर करायचा, हा माझा स्वभाव.

२००३ च्या उन्हाळ्यात नातवाच्या बारशाला आम्ही पुण्याला निघालो. मी मोठ्या ऐटीत फोन मुलाच्या नंबरावर वळवला आणि कुलूप लावलं.

तिसऱ्या रात्री तिथे फोन वाजला. सोलापूरहून कोणीतरी घाईघाईने आपल्या चार नंबरच्या घरातल्या काकूंना बोलवा म्हणत होतं. सुनेला त्या नावाचं कोणी माहीत नव्हतं. तिने "राँग नंबर" म्हणून ठेवून दिला. सकाळी चहाच्या वेळी तिने सहज सांगितलं, तेव्हा माझ्या हातातला कप तसाच राहिला. काकूंचे वडील सोलापुरात दवाखान्यात होते. सकाळच्या एस.टी.ने भाचा बेंबळीला निरोप घेऊन आला. काकू पोहोचल्या तेव्हा वडील गेले होते.

मुलाकडे घरी आयएसडीएनची लाइन होती. त्याने मला समजावून सांगितलं. तारेची जोडी एकच, पण तिच्यावर ६४ किलोबिटच्या दोन वाहिन्या आणि नुसत्या संकेतांसाठी १६ किलोबिटची तिसरी. एकीवर इंटरनेट चालू असलं तरी दुसरीवर बोलता येई. त्याच जोडणीवर वेगवेगळे नंबर घेता येत. कोणत्या नंबराला फोन आलाय हे तिसऱ्या वाहिनीवरून कळे आणि त्याच यंत्राची घंटा वाजे. "बाबा, इथे प्रत्येक नंबर वेगळा वळवता येतो. तुमच्या साध्या लाइनवर वळवला की सगळाच वळतो."

म्हणजे फोन कुणासाठी आहे हे ओळखायचं जे काम तिथे यंत्र करत होतं, ते आपल्याकडे आमची धाकटी करत होती. आणि मी तिलाच पुण्याला घेऊन आलो होतो! एक्स्चेंजच्या लेखी ग्राहक मी एकटा होतो. नंबर मात्र सगळ्या ओळीचा होता, हे मी विसरलो.

पुढच्या बिलात एस.टी.डी.चा तपशील आला. वळवलेल्या फोनचा पुण्यापर्यंतचा खर्च वळवणाऱ्यावर पडतो. त्यामुळे त्या कॉलची नोंद माझ्याच नावावर होती. तारीख, वेळ आणि मोजके सेकंद. ते बिल मी जपून ठेवलंय.

काकूंची मी माफी मागितली. त्या एवढंच म्हणाल्या, "भाऊ, तुमचा फोन होता म्हणून तर आजवर निरोप येत होते." रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर मी फोन कधीच वळवला नाही. शेजारच्या व्हरांड्यापर्यंत वायर ओढून जोडफोन बसवला. गावाला जाताना यंत्र त्यांच्या हवाली असायचं.

आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, पी.पी. नंबर कोणालाच लागत नाही. पण मोबाइल बंद असतो, चार्जिंग संपलेलं असतं, रात्री सायलेंटवर असतो. म्हणून सर्व सभासदांना या निमित्ताने एक विनंती. शेजाऱ्याचा नंबर आपल्या गावाकडच्या माणसांना देऊन ठेवा, आणि शेजाऱ्याच्या माणसांची नावं आपल्या सुनांना, मुलांना सांगून ठेवा.