सुईणीची पेटी

आमच्या आत्याच्या गोष्टींत देवांपेक्षा सुईणच जास्त वेळा येते. माण तालुक्यातल्या आमच्या गावात सुईणपण मांगवाड्यातल्या एका घराकडे होतं, सासूकडून सुनेकडे आलेलं. बोलावणं गेलं की म्हातारी कंदील घेऊन निघायची, मग अमावास्या असो की पाऊस. वाड्यात शिरायची ती परसदारानं. कळा सुरू असेपर्यंत तिच्या हाताचा विटाळ कुणाला होत नसे. पाचवी पुजून झाली की तीच बाई अंगणात उभी राहून वरून टाकलेली पायलीभर ज्वारी पदरात झेलायची. आत्या एवढं सांगून घाईनं पुढच्या गोष्टीला लागते. तिथं थांबायला आमच्या घरात कुणालाच आवडत नाही.

म्हातारी करायची काय? आत्याच्या सांगण्यात नुसतं सोबत बसणंच फार आहे. कमरेला कोमट तेल चोळायचं, खांबाला धरून उभं करायचं, गुळाचं पाणी पाजायचं, ‘आलं गं बाई, थोडकं राहिलं’ म्हणत रात्र काढायची. सासू फार कुरकुरली तर तिला पाणी तापवायला पिटाळायची. त्या एका रात्रीपुरती वाड्यात सत्ता तिची!

पण नाळ विळ्यानं कापली जाई आणि वर राख दाबली जाई. आत्याच्या पाठचा भाऊ आठव्या दिवशी आकडी येऊन गेला. सटवाईचा कोप म्हणाले. तो धनुर्वातच असणार. सुईणीचे गोडवे गाताना मला तो पोर आठवतो.

दायांना शिकवायचे प्रयत्न जुने आहेत. लेडी कर्झन यांनी 1903 मध्ये त्यासाठी निधी उभारला होता. आमच्या गावात शिक्षण पोचलं ते पुष्कळ उशिरा, म्हातारीच्या सुनेच्या वेळी. आम्ही तिला आक्का म्हणतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात तिला पाच स्वच्छता शिकवल्या: हात, जागा, ब्लेड, दोरा आणि नाळ. अॅल्युमिनियमची पेटी मिळाली. त्यात साबण, ब्लेड, दोरा, उकळायचं भांडं. तिच्या हातून झालेल्या बाळंतपणांत पुन्हा कुणाला आकडी आली नाही, असं ती आजही ठासून सांगते. मात्र रात्रभर बाळंतिणीजवळ बसून तू काय करतेस, हे तिला तिथं कुणी विचारलं नाही.

शिकणाऱ्या बाईला काय येतं ते आधी पाहून साधन करायचं, हे मला गडचिरोलीत दिसतं. साठपर्यंत मोजता न येणाऱ्या दायांना बाळाचा न्यूमोनिया ओळखता यावा म्हणून डॉ. अभय आणि राणी बंग यांनी एक साधं यंत्र केलं: एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली, तर औषध द्यायचं.

पुढे 2005 मध्ये, बाळंतपणं दवाखान्यात व्हावीत म्हणून, जननी सुरक्षा योजना आली. आता महाराष्ट्रातली शंभरातली जवळजवळ पंचाण्णव बाळंतपणं दवाखान्यात होतात. लाखभर जन्मांमागं दगावणाऱ्या आयांची संख्या 2018-20 च्या पाहणीत 33 होती. हे कमी नव्हे, आणि कुणी पुन्हा विळ्याकडे जावं असं मी म्हणणार नाही. पण सुईण गेली तशी बाळंतिणीजवळ बसणारी बाईही गेली. आता पुण्यामुंबईत ती डूला म्हणून परत आली आहे, अभ्यासक्रम नि प्रमाणपत्रासकट. फी परवडेल त्यांच्यापुरती. ग्वाटेमालात 1980 च्या सुमारास डॉक्टरांनी पाहिलं होतं की साधी, अनोळखी बाई नुसती सोबत राहिली तरी कळांचा काळ बराच कमी होतो. ती बाई काही शिकून आलेली नव्हती.

सरकारी दवाखान्यात बाळंतिणीसोबत घरची एक बाई थांबू शकते, असं केंद्र सरकारनं 2016 मध्येच सांगितलंय. ती स्वतः बाळंतपणातून गेलेली असली तर उत्तम. त्यानंतर दोनेक वर्षांनी आक्काची नातसून एका सरकारी दवाखान्यात अडली. आक्का सोबत गेली होती. लेबर रूमच्या दारावरच्या बाईनं तिला बाहेर बाकावर बसवलं, आत शिकलेली माणसं आहेत म्हणाली. आक्काला त्या बोलण्याचं काही वाटलेलं दिसत नाही. तिची तक्रार निराळीच आहे. ‘पोरीला रात्रभर उताणी निजवून ठेवली. उभी केली असती, चार पावलं चालवली असती, तर लवकर मोकळी झाली असती,’ म्हणते.