सनद कोणी द्यायची?

२०१६ च्या ऑक्टोबरमध्ये मी बॉस्टनजवळ लेकीकडे होते. नातीचं नाव एका चार्टर शाळेच्या सोडतीत लागलं नव्हतं, प्रतीक्षा यादीत ती खूप खाली होती. लेक वैतागून म्हणाली, "आई, शाळा चांगली आहे, मुलं रांगेत आहेत, मग जागा वाढवत का नाहीत?"

मला हसू आलं. आमच्या शाळेत एक तुकडी वाढवायची तर मान्यतेची फाईल किती टेबलं फिरायची, ते मी पाहिलं होतं. पण तिथली गोष्ट निराळी निघाली. इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे मुळाशी जायची खोड आहेच.

चार्टर म्हणजे सनद. पैसा सरकारी, फी नाही, जागांपेक्षा अर्ज जास्त आले की सोडत. नियमांतून बरीच मोकळीक, पण सनद ठरावीक वर्षांपुरती. मुदत संपली की मुलं काय शिकली याचा हिशोब द्यायचा, नाहीतर सनद जाते.

गंमत म्हणजे ही कल्पना १९८८ साली देशभर पोचवली ती अल्बर्ट शँकर या शिक्षक संघटनेच्या अध्यक्षांनी. शिक्षकांनी नवे प्रयोग करून पाहावेत, हा त्यांचा हेतू. पुढे तेच या शाळांचे टीकाकार झाले. १९९१ मध्ये मिनेसोटाने पहिला कायदा केला, तोही जपून: राज्यभरात फक्त ८ शाळा, आणि स्थानिक शाळामंडळाची संमती हवी. पहिली शाळा १९९२ मध्ये सेंट पॉलला उघडली.

अमेरिकेत शिक्षण हा राज्यांचा विषय, म्हणून प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. कॅलिफोर्नियात अर्ज आधी स्थानिक मंडळाकडे जातो, नकार मिळाला तर काउंटीकडे अपील. मॅसॅच्युसेट्सच्या १९९३ च्या कायद्याने सनदेचा अधिकार राज्याकडे ठेवला आणि सुरुवातीला २५ शाळांची मर्यादा घातली. न्यूयॉर्कने १९९८ मध्ये १०० ची मर्यादा ठेवली, २००७ मध्ये २०० आणि २०१० मध्ये ४६० केली.

मर्यादा कशाला? कारण पैसा मुलामागे जातो. एका वर्गातली दोन मुलं चार्टरमध्ये गेली तर त्यांचा पैसा जातो, पण त्या वर्गाचा शिक्षक आणि इमारतीचा खर्च तिथेच राहतो. म्हणून मॅसॅच्युसेट्सने पैशालाही मर्यादा घातली: जिल्ह्याच्या शालेय खर्चाच्या ९ टक्के. सर्वांत मागे पडलेल्या जिल्ह्यांसाठी २०१० च्या कायद्याने ती टप्प्याटप्प्याने १८ टक्क्यांपर्यंत नेली. चालू शाळेलाही जागा वाढवायच्या तर राज्याची परवानगी हवी.

त्या शरदात हाच प्रश्न मतदारांपुढे होता: दरवर्षी १२ पर्यंत नव्या शाळा किंवा विस्तार मंजूर करावेत का? लेकीच्या शेजारच्या निवृत्त शिक्षिका मला म्हणाल्या, "तुमच्या नातीला जागा मिळावी असं मलाही वाटतं. पण माझ्या जुन्या शाळेतल्या मुलांचं काय?" मला उत्तर सुचलं नाही. नोव्हेंबरमध्ये सुमारे ६२ टक्के मतदारांनी 'नाही' म्हटलं.

वॉशिंग्टन राज्यात तर मतदारांनी २०१२ मध्ये निसटत्या बहुमताने होकार दिला, आणि २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कायदाच घटनाबाह्य ठरवला. या शाळांचे संचालक लोकांनी निवडलेले नाहीत, म्हणून सार्वजनिक शाळांसाठी राखलेला पैसा यांना देता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. विधिमंडळाने २०१६ मध्ये राज्य लॉटरीच्या उत्पन्नातून पैशाची वाट काढली, आणि २०१८ मध्ये न्यायालयाने ती मान्य केली. प्रवेश सोडतीने, खर्च लॉटरीतून!

मला वाटतं, शाळा चांगली की वाईट एवढ्यावर हे कायदे ठरत नाहीत. सनद देणारा कोणाला जबाबदार आहे आणि गेलेल्या पैशाची झळ कोणाला बसते, यावर ठरतात. रांगेतली मुलं खरी आणि मागे राहिलेली मुलंही खरी. दोघांचा विचार एका कायद्यात बसवणं फार अवघड.

नात शेवटी गावच्या सरकारी शाळेतच शिकली. चांगली शिकली. पण त्या यादीतल्या बाकीच्या मुलांचं काय झालं असेल, हा विचार अजून मधूनच येतो.

असो.