टेबलाच्या खणापासून भ्रमणध्वनीपर्यंत

झडतीचे वॉरंट म्हणजे पोलिसांना मिळालेला अधिकार, असा अर्थ आपण सहसा घेतो. इतिहास पाहिला तर त्याचा दुसरा अर्थ ध्यानात येतो. वॉरंट ही त्या अधिकाराला घातलेली मर्यादाही आहे. कोठे शोधावयाचे आणि काय शोधावयाचे, हे त्याने आधी सांगावे लागते. ही मर्यादा लेखकांच्या कागदपत्रांवरूनच ठळक झाली. म्हणून साहित्याच्या अभ्यासकांनी तिकडे लक्ष द्यावे असे आम्हांस वाटते.

जॉन एंटिक हा इंग्लंडमधील शाळामास्तर आणि कोशकार. सरकारवर टीका करणाऱ्या ‘मॉनिटर’ पत्राचा लेखक या संशयावरून नोव्हेंबर १७६२ मध्ये त्याच्या घरात सरकारी दूत शिरले. चार तास त्यांनी कुलपे फोडली, कागद वाचले, सोबत नेले. वॉरंटात एंटिकचे नाव होते. कोणते कागद न्यावयाचे हे मात्र नव्हते. १७६५ मध्ये लॉर्ड कॅमडेन यांनी ते बेकायदा ठरविले. कायद्याने न दिलेला अधिकार राज्याच्या गरजेतून आपोआप उपजत नाही, हा त्या निकालाचा गाभा. अमेरिकेत १७९१ च्या चौथ्या घटनादुरुस्तीने जागा आणि वस्तू यांचा नेमका उल्लेख वॉरंटात सक्तीचा केला.

असा नेमकेपणा का हवा, हे १९०८ च्या टिळक खटल्यावरून कळते. खटला ‘केसरी’तील लेखांवरचा, पण पुण्यातील झडतीत एक पोस्टकार्ड सापडले. त्यावर स्फोटकांविषयीच्या दोन पुस्तकांची नावे होती. स्फोटकांच्या नव्या कायद्यावर टीका लिहिण्यासाठी ती टिपली, असे टिळकांनी सांगितले. तरी ते कार्ड हेतूचा पुरावा म्हणून न्यायालयापुढे आलेच. वाचकाचे टिपण संदर्भातून उचलले की त्याचा अर्थ पालटतो, हे साहित्याच्या अध्यापकांना निराळे सांगावयास नको.

आज भ्रमणध्वनीत आणि संगणकात अशी हजारो पोस्टकार्डे असतात: पत्रे, खर्डे, विद्यार्थ्यांचे प्रबंध, शोधलेल्या पुस्तकांची नावे. ‘रायली’ खटल्यात (२०१४) अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अटकेतील माणसाच्या भ्रमणध्वनीची तपासणी साधारणतः वॉरंटाविना करता येणार नाही असे एकमताने ठरविले. परंतु वॉरंट मिळाल्यावर त्यातले किती वाचावयाचे, हा प्रश्न उरतोच.

आपल्याकडे १८९८ च्या फौजदारी संहितेत ‘सर्वसाधारण झडती’ची तरतूद होती. ती १९७३ च्या संहितेत राहिली आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९६ मध्येही आली. झडतीची जागा मर्यादित करण्याची मुभा न्यायालयास आहे, सक्ती नाही. १९५४ च्या एम. पी. शर्मा निकालात चौथ्या दुरुस्तीसारखी तरतूद आपल्या राज्यघटनेत नाही याकडे बोट दाखविले गेले. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२१ मध्ये काही प्राध्यापक-संशोधकांनी उपकरणांच्या जप्तीसाठी नियम मागत सर्वोच्च न्यायालयाकडे धाव घेतली, ती याच पार्श्वभूमीवर.

तपास व्हावयासच हवा. गुन्हेगारही भ्रमणध्वनी वापरतात. मात्र कोणत्या गुन्ह्यासाठी, कोणत्या काळातील, कोणत्या प्रकारची माहिती पाहावयाची, हे वॉरंटात लिहिलेले असावे. कपाटाच्या झडतीला निदान भिंतींची मर्यादा होती. उपकरणाला भिंती नाहीत. त्या शब्दांनीच उभाराव्या लागतील.